दोन मिनिटांचा प्रवास

वाटसरूने ‘किती लांब आहे हो?’ असे विचारले, तर आपल्या खेड्यापाड्यांत त्याला किलोमीटरांचा आकडा सहसा मिळत नाही. ‘हे काय, हाकेच्या अंतरावर,’ असे कुणी सांगतो. ‘पान खाऊन होईपर्यंत पोहोचाल,’ असे दुसरा म्हणतो. आमच्या बालपणी आमच्या आळीतील वडीलधारी माणसे चर्चच्या घंटेवरून अंतर मोजीत. घंटा जिथवर स्पष्ट ऐकू येई, तिथवर आपला गाव. वारा फिरला तरच ऐकू येई, तो शेजारचा गाव. आणि मुळीच ऐकू येत नसे, तो परमुलूख. हे मोजमाप भूगोलाच्या पुस्तकात नव्हते. पण त्यावाचून आमचे काही अडलेही नाही.

पुढे गोरेगावच्या सेमिनरीत शिकत असताना एक वेगळेच अंतर आमच्या मनात भरले. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून जहाजाने निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्याला उतरले. वाटेत मोझांबिकला मुक्काम झाला तो धरून तेरा महिने! आज लिस्बनहून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी गोव्यात जेवायला बसतो. पृथ्वी आकसली नाही, समुद्र आटला नाही. अंतर तेच राहिले. वेळ मात्र तेरा महिन्यांवरून एका दिवसावर आला. मग लांब म्हणजे काय आणि जवळ म्हणजे काय, असा प्रश्न त्या वेळी आम्हांला पडला होता. परीक्षेच्या धांदलीत तो मागे राहिला.

वाचकहो, त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला फार उशिरा आणि फार दूर मिळाले. जगात ठरलेल्या वेळापत्रकाने चालणारा जो सर्वांत लहान विमानप्रवास आहे, तो करण्याचा योग २०१८ साली आला. त्या प्रवासात मिळाले. त्याविषयी लिहावे, असे या त्रैमासिकाच्या संपादकांनी पूर्वीही सुचविले होते. आम्ही टाळीत आलो. कारण तो प्रवास सांगायचा, तर त्याच्या मागोमाग आणखी एक अंतर सांगावे लागते, आणि ते आमच्या खात्यावर आहे.

सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी तेव्हा स्कॉटलंडमध्ये धर्मसेवा करीत होते. उन्हाळ्यात तीन आठवडे त्यांच्या मदतीला यावे, असे त्यांनी कळविले. आम्ही गेलो. मुंबई ते लंडन हे सुमारे ७,२०० किलोमीटरांचे अंतर विमानाने नऊ-दहा तासांत कापले जाते. तेथून उत्तरेकडे ॲबरडीन, आणि ॲबरडीनहून आणखी उत्तरेला ऑर्क्नी बेटे. स्कॉटलंडचे टोक संपले की खवळलेला समुद्राचा एक पट्टा लागतो. त्याच्या पलीकडे ही सुमारे सत्तर बेटे विखुरलेली आहेत. त्यांपैकी वीसेक बेटांवरच माणसांची वस्ती आहे. अक्षांश एकोणसाठ अंशांच्या आसपास. आपली वसई एकोणीस अंशांवर. जूनच्या दिवसांत तेथे रात्री दहा वाजताही सूर्य क्षितिजावर रेंगाळत असतो. झाडे जवळजवळ नाहीत. वारा त्यांना उभे राहू देत नाही. हिरवी कुरणे, त्यांत गाई आणि मेंढ्या, दगडावर दगड रचून केलेली कुंपणे, आणि कोणत्याही दिशेला मान वळवली तरी समुद्र.

तेथील मुख्य गावाचे नाव किर्कवॉल. जुन्या नॉर्स भाषेतील या नावाचा अर्थ आहे ‘चर्चची खाडी’. खाडीच्या काठी वाढलेल्या आमच्यासारख्याला हे नाव ऐकून घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. गावाच्या मध्यभागी तांबड्या-पिवळ्या दगडांचे संत मॅग्नस यांचे भव्य मंदिर आहे. त्याचे बांधकाम ११३७ साली सुरू झाले. स्कॉटलंडमध्ये १५६० साली धर्मसुधारणा झाली आणि ते कॅथलिकांकडे राहिले नाही. तरी त्या खांबांखाली गुडघे टेकताना आठ-नऊशे वर्षांची प्रार्थना कानांशी गुणगुणत असल्याचा भास झाला.

या किर्कवॉलहून लहान विमाने उत्तरेकडील बेटांवर जातात. त्यांतील दोन बेटे म्हणजे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे. वेस्ट्रेवर सुमारे सहाशे माणसे राहतात. पापा वेस्ट्रेवर शंभराच्याही आत. दोन्ही बेटांवर विमानतळ आहे. विमानतळ म्हणजे एक लहानशी इमारत, एक धावपट्टी आणि अग्निशमनाची गाडी. या दोन विमानतळांमधले अंतर आहे २.७ किलोमीटर. वेळापत्रकात या उड्डाणासाठी दोन मिनिटे दाखवलेली असतात. बहुधा त्याहूनही कमी, म्हणजे दीड मिनिटाच्या आसपास लागतात.

२.७ किलोमीटर म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. मुंबईच्या सहार विमानतळाची मुख्य धावपट्टी सुमारे ३,४०० मीटर लांब आहे. म्हणजे तिकडचे विमान आकाशात चढून, समुद्र ओलांडून, दुसऱ्या बेटावर उतरते, तेवढ्या अंतरात आपल्याकडील विमानाची धावपट्टीदेखील संपत नाही. नायगावहून वसई रोडला जाणाऱ्या लोकलला याहून अधिक वेळ लागतो. आणि त्या लोकलमध्ये चढायलाच कधी कधी दोन मिनिटे लागतात, हे आमच्या वाचकांना सांगणे नको.

एवढ्याशा अंतरासाठी विमान कशाला, असा प्रश्न आम्हांलाही पडला होता. उत्तर साधे आहे. विमान मुळात चाळीसेक किलोमीटरांवरील किर्कवॉलहून निघते, ते दोन्ही बेटांसाठी. एस.टी. जशी एका फाट्यावर थांबून पुढच्या फाट्यावर जाते, तसे हे विमान एका बेटावर थांबून पुढच्या बेटावर जाते आणि परत फिरते. दोन थांब्यांमधला हा तुकडा म्हणजेच तो जगप्रसिद्ध प्रवास. दोन बेटांमध्ये होडीही चालते. तिला पंचवीसेक मिनिटे लागतात. परंतु हिवाळ्यात त्या समुद्राचा आणि वाऱ्याचा भरवसा नसतो. शंभर माणसांसाठी समुद्रावर पूल बांधणे कुठल्या सरकारला परवडणार? म्हणून १९६७ सालापासून लोगनएअर या स्कॉटिश कंपनीची विमाने या वाटेवर ये-जा करीत आली आहेत आणि स्थानिक शासन त्याचा आर्थिक भार उचलते. या विमानांतून शिक्षक शाळेत जातात, वैद्य रुग्णांकडे जातात, रुग्ण किर्कवॉलच्या रुग्णालयात जातात.

विमानाचे नाव ‘आयलँडर’, म्हणजे बेटकरी. दोन पंखे, एक वैमानिक आणि आठ प्रवासी, एवढाच त्याचा संसार. प्रवासी जास्त असले तर एकाला वैमानिकाच्या शेजारीच बसावे लागते. अंतर ठरलेले असले, तरी वेळ मात्र वाऱ्याच्या हाती असते. विमानाला वाऱ्याच्या तोंडावर चढावे आणि उतरावे लागते. वारा अनुकूल दिशेचा असेल, तर एका धावपट्टीवरून उठावे आणि नाकासमोरच्या दुसऱ्या धावपट्टीवर बसावे, इतके ते सोपे होते. वारा फिरला की वळसा घ्यावा लागतो आणि एकाची दोन मिनिटे होतात. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने हे अंतर एकदा अवघ्या ५३ सेकंदांत पार केले. तो विक्रम मानला जातो. २०१३ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी याच वाटेवरून बारा हजारांहून अधिक फेऱ्या मारल्या होत्या. पर्यटकाला त्या ५३ सेकंदांचे अप्रूप वाटते. आम्ही धर्मगुरू असल्यामुळे असेल, पण आम्हांला अप्रूप वाटले ते त्या बारा हजारांचे.

येथे शाळेत शिकलेली एक गोष्ट आठवली. पृथ्वीच्या वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाच्या साठ कला. जमिनीवर, किंवा समुद्रावर म्हणा, एका कलेचे अंतर म्हणजेच एक समुद्री मैल, म्हणजे १,८५२ मीटर. या कलेला पुष्कळ भाषांत मिनिट असेच म्हणतात. या हिशेबाने वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यामध्ये पृथ्वीची सुमारे दीड कला आहे, आणि ती ओलांडायला घड्याळाचे सुमारे दीड मिनिट लागते. पृथ्वीचे मिनिट आणि माणसाचे मिनिट तेथे जवळजवळ जुळून येतात. आकड्यांचा हा निव्वळ योगायोग आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. तरीही तो आम्हांला आवडला.

तर जूनमधील एका सकाळी आम्ही किर्कवॉलच्या विमानतळावर गेलो. विमानात आम्ही धरून पाच प्रवासी होतो. पंधराएक मिनिटांत वेस्ट्रे आले. दोघे उतरले, हातात पिशवी घेतलेल्या एक वृद्ध बाई चढल्या आणि त्यांनी वैमानिकाला नावाने हाक मारून काहीतरी विचारले. आपल्याकडे रिक्षावाल्याला विचारतात तसे. दार बंद झाले. वैमानिकांची आश्रयदात्री म्हणून पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९२० साली लोरेटोच्या मातेला नेमले आहे; तिचे स्मरण करून आम्ही खिशातील जपमाळ हाती घेतली. चाके जमिनीवरून सुटताच ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ सुरू केले. खाली काचेसारखा हिरवा समुद्र दिसला, फेसाची एक रेघ दिसली, मग पुन्हा कुरणे, दगडी कुंपणे, मान वर करून पाहणारी एक गाय. सहावी ‘नमो मरिया’ अर्ध्यावर असताना चाके टेकली. घड्याळात एक मिनिट आणि चाळीस सेकंद झाले होते. जपमाळेचे एक दशकही पुरे झाले नव्हते! ती उरलेली चार मणी आम्ही धावपट्टीच्या कडेला उभे राहून ओढली.

परतीचे विमान संध्याकाळी होते. बेट लांबीला साडेसहा किलोमीटर आणि रुंदीला त्याच्या चौथाई; त्यामुळे पायी हिंडलो. एक शाळा, एक सहकारी तत्त्वावर चालणारे दुकान, काही शेतघरे. बेटाच्या नावातील ‘पापा’ या शब्दाने आमचे लक्ष आधीपासून वेधले होते. नॉर्स लोक शिडाच्या जहाजांतून येथे आले, तेव्हा त्यांना या बेटावर ख्रिस्ती धर्मगुरू आणि संन्यासी राहत असलेले आढळले. त्यांना ते ‘पापार’ म्हणत. लॅटिनमधील ‘पापा’ म्हणजे पिता. आपण पोप म्हणतो, तोच हा शब्द. म्हणजे या बेटाचे नावच मुळी ‘फादरांचे बेट’ असे आहे. कातड्याच्या किंवा लाकडाच्या होड्यांतून, त्या समुद्रातून, ते का आले असतील? तेथे सोने नव्हते, व्यापार नव्हता. जेथवर माणूस आहे तेथवर जायचे, एवढेच त्यांना ठाऊक असावे.

पश्चिम किनाऱ्यावर संत बोनिफास यांचे बाराव्या शतकातील लहानसे मंदिर आहे. त्याच्या परिसरात त्याहूनही पुष्कळ जुने, क्रूस कोरलेले दगड सापडले. पूर्वेकडे एका तळ्याच्या काठी संत ट्रेडवेल यांच्या कपेलाचे अवशेष आहेत. या कुमारिकेची कथा अशी सांगतात की, राजाने तिच्या डोळ्यांची स्तुती केली आणि तिचा पिच्छा पुरवला, तेव्हा तिने आपले डोळेच काढून त्याच्याकडे पाठवून दिले. संत लुसियाची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हिची ओळख वेगळी करून द्यायला नको. डोळ्यांचे दुखणे घेऊन लोक या तळ्याशी येत. धर्मसुधारणेनंतर मनाई झाली तरी येत राहिले. समुद्र ओलांडून, वल्ही मारीत येत.

उत्तरेकडील माळावर उन्हाळ्यात ध्रुवीय सुरय पक्षी अंडी घालतात. घरट्याजवळ गेलो तर डोक्यावर चोच मारतात, म्हणून काठी डोक्यावर उंच धरून चालावे, असे आम्हांला कुणी तरी बजावले होते, तसेच चाललो. शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाचा हा पक्षी. उत्तर ध्रुवाकडचा उन्हाळा संपला की तो दक्षिण ध्रुवाकडे जातो आणि पुढच्या उन्हाळ्याला परत येतो. ग्रीनलंडमधील काही सुरयांच्या पायाला चिमुकली नोंदयंत्रे बांधून केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांचा वर्षाचा प्रवास सरासरीने सत्तर हजार किलोमीटर भरला. सर्वांत लहान विमानप्रवासाच्या बेटावर सर्वांत मोठा प्रवास करणारा पक्षी घरटे करतो. दोघांच्या प्रवासाची तुलना करू नये, असे आम्हांला त्या माळावर वाटले. जेथे पिल्लू आहे, तेथे पोहोचणे एवढेच काम दोघांचेही.

बेटावर आणखी एक ठिकाण आहे. त्याचे नाव नॅप ऑफ हाउअर. दगडांची दोन घरे. ख्रिस्तपूर्व ३७०० च्या सुमारास तेथे वस्ती झाली, असे पुराणवस्तुशास्त्रज्ञ सांगतात. वायव्य युरोपात अजून उभी असलेली इतकी जुनी घरे दुसरी नाहीत. इजिप्तचे पिरॅमिड याहून अर्वाचीन आहेत. छप्परे गेली आहेत, भिंती जाग्यावर आहेत. दोन्ही घरांना समुद्राच्या बाजूने आपापली दारे आहेत. तरी मधल्या जाड भिंतीतून एक बुटका बोळ काढलेला आहे. आम्ही वाकून, जवळजवळ रांगत, या घरातून त्या घरात गेलो. तीन-चार पावलांचे अंतर. बाहेर वादळ असले, बर्फ असले, तरी या घरातील माणसाला त्या घरातील माणसाकडे जाता यावे, म्हणून साडेपाच हजार वर्षांपूर्वी कुणी तरी एवढी जाड भिंत तशी रचली होती. त्या बोळात आमचा पाय अडखळला, आणि मन त्याहून जास्त.

संध्याकाळी विमानतळावर आलो, तर समुद्रावरून धुके येऊ लागले होते. तेथील एक वयस्क शेतकरी अग्निशमनाच्या गाडीपाशी उभे होते. विमान येण्याच्या वेळी तेच तेथील कर्मचारी असतात. हा प्रवास केल्याचे प्रमाणपत्र मिळते, ते आम्ही घेतले का, असे त्यांनी हसत विचारले. मग धुक्याकडे पाहून म्हणाले, “पाहुण्यांना हा विक्रम वाटतो. आम्हांला ही वाट आहे. विमान येत नाही असे दिवस असतात, धुके असते, वारा असतो. पण ते येणारच नाही, असे मात्र आम्हांला कधी वाटत नाही. तिकडे कुणी तरी निघण्याच्या तयारीत बसलेला असतो, हे ठाऊक असते.”

त्यांनी हे सहज म्हटले होते. त्यांना काय ठाऊक की, समोर उभा असलेला हा परदेशी धर्मगुरू ‘निघणे’ या एका शब्दापाशी नऊ वर्षे अडकून पडला आहे?

आता ती गोष्ट सांगतो. २००९ सालची. तेव्हा आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथे एक वृद्ध गृहस्थ होते. तरुणपणी वाडीत राबले आणि उतारवयात पुष्कळ वर्षे चर्चची घंटा वाजवली. पहाटे, दुपारी, तिन्हीसांजेला. विजेवर चालणारी घंटा आली, तेव्हा त्यांचे काम सुटले. तरी घंटेच्या वेळी ते डोक्यावरची टोपी काढून उभे राहत. पुढे ते अंथरुणाला खिळले. त्यांचे घर धर्मग्रामाच्या शेवटच्या टोकाला, मिठागरांच्या अलीकडे होते. चर्चपासून तीन किलोमीटरही भरणार नाही. वाऱ्याची दिशा बरी असली तर तेथे घंटा ऐकू येई.

एका शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर त्यांची सून आम्हांला भेटायला आली. म्हणाली, “फादर, बाबांना बरं नाही. पापनिवेदन करायचं म्हणतात, आणि परमप्रसाद हवाय. आज येता?” पुढच्या आठवड्यात चर्चचा सण होता. सणाच्या समितीची माणसे आमच्या खोलीत येऊन बसली होती. मांडवाचा आणि बँडचा हिशेब व्हायचा होता. आम्ही विचारले, “फारच जास्त आहे का?” ती बिचारी घुटमळली. आपल्या लोकांना धर्मगुरूंना त्रास द्यायचा संकोच वाटतो. “तसं काल होतं तसंच आहे,” असे ती म्हणाली. आम्ही म्हणालो, “मग उद्या सकाळच्या मिस्सानंतर येतो.” रविवारी सकाळी एक बाप्तिस्मा निघाला, दुपारी पाहुणे आले, संध्याकाळी पुन्हा समिती बसली. स्कूटर दिवसभर दारात उभी होती. ‘उद्या पहाटे पहिले काम तेच,’ असे स्वतःला सांगून आम्ही झोपलो. पहाटे दारावर थाप पडली. रात्री अडीचच्या सुमारास ते गेले होते.

आम्ही गेलो. दहा मिनिटे लागली. म्हणजे ते दहा मिनिटांवरच होते, शनिवारीही आणि रविवारीही. घरात कुणी आम्हांला बोलले नाही. उलट बसायला खुर्ची दिली. प्रार्थना झाल्यावर सून दारापर्यंत आली आणि एवढेच म्हणाली, “काल बाबा सारखे विचारत होते, फादर निघाले का?”

देवाची दया धर्मगुरूच्या स्कूटरवर अवलंबून नसते, हे आम्ही सेमिनरीत शिकलो आहोत आणि लोकांना शिकवलेही आहे. ज्याने मनापासून संस्काराची इच्छा धरली, त्याला परमेश्वर अंतर देत नाही. त्या भल्या माणसाविषयी आम्हांला चिंता नाही. चिंता आहे ती ज्याने त्याला अंतर दिले त्याची. मराठी भाषेत हा वाक्प्रचार आहे, ‘अंतर देणे’, म्हणजे सोडून देणे, टाकणे. कित्येक वर्षे आम्ही तो प्रवचनांत वापरला होता. त्याचा अर्थ त्या पहाटे कळला.

यरुशलेमहून यरीहोला जाणारी वाट सुमारे सत्तावीस किलोमीटरांची. त्या वाटेवर लुटारूंच्या तावडीत सापडून अर्धमेल्या पडलेल्या माणसाचा दृष्टान्त आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. त्याला पाहून जो पहिला माणूस पलीकडच्या बाजूने निघून गेला, तो याजक होता. त्याने सत्तावीस किलोमीटरांपैकी बरीच वाट तुडवली होती. त्याला जड गेली ती रस्त्याची रुंदी. प्रभू येशूने त्याला नाव दिलेले नाही. ते का, याचा आम्ही बराच विचार केला आहे.

धुके थोडे विरळ झाले आणि ‘आयलँडर’ आले. परतताना आम्ही घड्याळ पाहिले नाही. खाली तो समुद्र होता, तीच फेसाची रेघ होती. दोन मिनिटांच्या त्या आकाशात आमच्या मनात एवढेच आले की, या माणसांना शंभरांसाठी विमान पाठवणे जड वाटले नाही, आणि आम्हांला एकासाठी स्कूटरची किल्ली फिरवणे जड गेले. अंतर जमिनीवर नव्हते. ते ‘येतो’ आणि ‘निघालो’ या दोन शब्दांच्या मध्ये होते.

भारतात परतल्यावर आम्ही त्या घरी गेलो. तोवर आमची बदली वीसेक किलोमीटरांवरील धर्मग्रामात झाली होती. त्यांच्या सुनेचे केस पांढरे झाले होते. आम्ही सारे सांगितले. शनिवारची समिती, मांडवाचा हिशेब, रविवारची स्कूटर. क्षमा मागितली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबांनी तुमच्यावर राग नव्हता धरला, फादर. मी धरला होता.” आणि थोडे थांबून, “बसा आता. चहा टाकते.” त्या चहाइतके कडू आणि त्याइतके गोड आम्ही दुसरे काही प्यायलो असल्याचे स्मरत नाही.

पापा वेस्ट्रेच्या प्रवासाचे प्रमाणपत्र आम्ही घेतले नव्हते. आणली ती एक सवय. आजाऱ्याचे बोलावणे आले की आता आम्ही ‘येतो’ म्हणत नाही. आधी पवित्र तेलाची डबी खिशात घालतो, किल्ली हातात घेतो, आणि मगच दूरध्वनीवर बोलतो. कधी उशीर होतो. फाटक बंद असते, पावसात रस्ता तुंबतो, शरीरही आता पूर्वीसारखे नाही. धुके काय आणि वारा काय, सगळीकडेच असतो. पण पलीकडे अंथरुणावर पडलेल्या माणसाने डोळे उघडून विचारले, तर त्याला घरच्यांनी काय सांगायचे, एवढे तरी आपल्या हातात असते.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्यात असे एक बेट असेल. अबोला धरलेला भाऊ त्याच आळीत राहत असेल. शेताच्या बांधावरून दुरावलेली बहीण लोकलच्या दोन स्टेशनांवर असेल. म्हातारी आई तर कदाचित पलीकडच्याच खोलीत असेल. त्यांचे अंतर किती, हे मोजीत बसू नका. ते फार नसते, आम्ही मोजून पाहिले आहे. तेथे कुणी तरी आत्ता विचारीत असेल, ‘निघाले का?’ त्याला उत्तर द्यायला दोन मिनिटे पुरतात.